डॉकवरचं टेबल

बेलापूर,
१४ नोव्हेंबर १९९६

सहादेव,

दरवर्षी पत्राच्या माथ्यावर "चि. सहादेव यास अनेक आशीर्वाद" असं लिहायचे. या खेपेला लिहिलं नाही. विसरले म्हणून नाही.

काल भाऊबीजेला तुझा ड्रायव्हर साडीचा खोका घेऊन आला. म्हणाला, "अण्णा म्हणले, अक्का येत न्हाईत तर साडी तरी पोचती कर." त्याला चहा पाजला आणि खोका जसा आणला तसा परत दिला. बिचारा घाबरला. "अण्णांना काय सांगू?" म्हणाला. मी म्हटलं, "सांग, अक्काला भाऊ नाही."

आता तू रागावशील. दूध संघाचा चेअरमन झाल्यापासून 'नाही' ऐकायची तुझी सवय मोडली. पण भाच्याच्या डोक्यावर परिणाम झाला आणि तो आपल्या पायांनी टँकरमध्ये शिरला, असं तू तालुकाभर सांगत फिरतोयस. म्हणून तुला ठाऊक असलेलंही सगळं लिहिते. माझ्या हातचं लिहिलेलं तुझ्या घरात राहू दे.

हर्षल बी.एस्सी. झाला तेव्हा तूच म्हणालास, "अक्का, पोरगं मला दे. संघाच्या लॅबमध्ये बसवतो." बसवलंस, ते मी नाकारत नाही. मागच्या अंगाची खोली, एक खिडकी, टेबलावर दुधाच्या नमुन्यांच्या बाटल्या. पोरगं सायकलवरून शीळ घालत कामाला जायचं. तो कसा आहे हे तुला लहानपणापासून माहीत होतं. लग्नात ताशा वाजला की हा धान्याच्या कणगीमागं जाऊन बसायचा. अंगाला कुणी हात लावला की चटका बसल्यासारखा मागं सरायचा. लोक बोलले की तूच म्हणायचास, "आमचा हर्षल जरा निराळा हाय, राहू द्या त्याला."

मग गेल्या वर्षी शेतकऱ्यांनी ओरड केली, की लॅबवाले आत बसून मनाला येईल ती फॅट लावतात आणि दर पाडतात. तू सभेत टाळ्या घेतल्यास. उद्यापासून दुधाची तपासणी उघड्यावर, डॉकवर, दूध उतरवायच्या धक्क्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! लोकांनी तुला खांद्यावर घेतलं. हर्षलचं टेबल उचललं गेलं.

एका बाजूला कॅन धुवायचं मशीन, दुसऱ्या बाजूला कंप्रेसर, डोक्यावर फडफडणारी ट्यूब. टेम्पोतून कॅन फरशीवर आदळायचे, ड्रायव्हर हॉर्न दाबून धरायचे, तुझा मॅनेजर कारभारी कर्ण्यावरून गावांची नावं पुकारायचा. आणि दूधवाले टेबलाला गराडा घालून याच्या खांद्यावर हात टाकून विचारायचे, "भाचे, आमची किती लागली?"

हर्षल तुझ्याकडे आला होता. काय बोलणं झालं ते त्यानं मला शब्दन् शब्द सांगितलंय. "मामा, मला आत बसू द्या. ज्यांना बघायचंय त्यांना एकेक करून आत पाठवा." तू हसलास. "सवय लाव. माणसांत राहायला शीक. बाईमाणसासारखा कोपरा काय धरतोस?"

त्यानं कानात कापूस घातला. कारभारीनं तो सगळ्यांसमोर चिमटीनं ओढून काढला. हमाल हसले, आणि मग त्यांना खेळच सापडला. याच्या पाठीमागं कॅनचं झाकण फरशीवर सोडायचं आणि हा कसा उडतो ते बघायचं. घरी आला की अंगणातच ओकायचा. स्वतःच्या मनगटाला चावायचा. लोकांना वळ दिसू नयेत म्हणून मी शर्टाच्या बाह्या लांब शिवून घेतल्या. तुझ्याकडे मी किती वेळा आले. ओट्यावर माणसं बसलेली असायची आणि तू म्हणायचास, "अक्का, घरचं घरात बोलू." घरात आलं की फोन वाजायचा.

वर्धापनदिनाला तू त्याला पाहुण्यांना नारळ द्यायला उभं केलंस. भाचा शिकलेला, पुढं दिसला पाहिजे. बँड, कर्णा, आणि भाषण संपता संपता मंडपाच्या मागं फटाक्यांची माळ. हर्षलच्या हातातला नारळ सुटला, तो पळाला, त्याच्या धक्क्यानं तुझा फेटा खाली आला. पाहुणे हसले. तू त्याच्या मुस्कटात मारलीस. तेवीस वर्षांच्या पोराच्या, गावासमोर.

त्यानंतर तो कुठं गेला ते कुणालाच माहीत नव्हतं, असं तू म्हणतोस. आवारात रिकामा टँकर उभा होता. वरचं झाकण उचलून तो आत उतरला. आत अंधार, जाड पत्रा, बाहेरचं काही ऐकू येईना. त्याला तेवढंच हवं होतं. मंडपात जेवणं चालू असताना टँकर धुणारे आले. त्यांनी झाकणातून नळी सोडली, आणि सोड्याचं कढत पाणी आत गेलं.

दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत. उजवा तळहात.

नगरच्या दवाखान्यात तू एकदा आलास, फळं घेऊन. मागोमाग संघाचा हुकूम आला, की मानसिक स्थिती ठीक नसल्यानं हर्षलला कामावरून कमी केलं आहे. खाली सही तुझी.

तो आता भिंतीला धरून चालतो. तुझी फळं मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला देऊन टाकली होती.

रतन


बेलापूर,
२८ डिसेंबर १९९६

सहादेव,

तुझं पत्र मिळालं. "हर्षलला येरवड्याला दाखवू, सगळा खर्च माझा. तो टँकरमध्ये आहे हे मला माहीतच नव्हतं, अक्का, आईची शपथ."

आम्ही डॉक्टरला दाखवलं, पण येरवड्याला नाही. जळित वॉर्डातल्या नर्सनं पुण्यातल्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला होता. ऊसतोड चालू असताना हर्षलचे वडील ती तशीच टाकून आले. हर्षल आत गेल्या गेल्या म्हणाला, "ट्यूब बंद करता का?" बाई उठल्या, ट्यूब बंद केली, खिडकीचा पडदा सारला. मला वाटलं, झालं काय, एवढंच तर करायचं होतं.

त्यांनी आम्हा दोघांना गप्प बसवलं आणि त्यालाच विचारलं, "डॉकवर तुम्हाला काय व्हायचं?"

तो जमिनीकडं बघत बोलला, पण अडखळला नाही. "तुमचं बोलणं मला ऐकू येतंय. रस्त्यावरची रिक्षाही तेवढीच ऐकू येतेय. पंखाही तेवढाच. डॉकवर सगळे आवाज एकदम अंगावर यायचे, आणि त्यातून 'भाचे, किती लागली' एवढं निवडून काढायला लागायचं. ट्यूब सारखी पेटते आणि विझते, ती लोकांना दिसत नाही, मला दिसते. कुणी खांद्यावर हात ठेवला की तो काढल्यावरही तिथंच राहायचा. संध्याकाळी माझे हात मला माझे वाटायचे नाहीत."

बाईंनी नाव सांगितलं. ऑटिझम. जन्मापासूनचं, औषधानं जाणारं नाही. "तुमच्या मुलाला बरं करायची गरज नाही," म्हणाल्या, "त्याला शांत जागा द्यायला हवी होती." हर्षलचे वडील पुन्हा पुन्हा विचारत होते, "म्हंजी येडबिड न्हाई ना?" हर्षल एवढंच बोलला, "याला नाव आहे म्हणजे माझ्यासारखे आणखी कुणीतरी असणार." परतीच्या एसटीत तो खिडकीला डोकं टेकून गाढ झोपला.

आता तुझ्या शपथेचं बोलू.

परवा गोजरबाई आली होती. तुझ्या डॉकवर फरशी धुते ती. दारातच बसली, आत यायला तयार होईना. म्हणाली, "अक्का, पोटात ठिववंना म्हून आले. त्या दिशी मंडपात मी खुर्च्या पुशीत हुते. कारभारी साहेब अण्णांच्या कानाला लागले. म्हणले, भाचा टँकरात उतरून बसलाय, बाहेर काढू का? अण्णा म्हणले, बसू दे तिथंच. पाहुणे जाऊ दे, आनखी तमाशा नको."

मी विचारलं, "हे चारचौघांत सांगशील?"

"काम जाईल माझं. तरी बी सांगंन. त्या लेकराचं वरडणं म्या ऐकलंय."

तुला माहीत होतं, सहादेव. धुणाऱ्या माणसांना एक शब्द सांगायचा होता. तू पाहुण्यांना जेवायला वाढत होतास.

आणि शपथ आईची घातलीस. ती पलीकडच्याच खोलीत झोपते ना? तिच्या गुडघ्याला मी तेल लावायचे, हल्ली कोण लावतं हे विचारणार नाही.

तुला कोर्टात खेचणार नाही. तिथं तू वकील लावशील आणि ते गोजरबाईला रडवतील. तुला बायकोपेक्षा, पोरीपेक्षा, आईपेक्षा जे प्यारं आहे ते मला माहीत आहे. ते मी घेणार. सावध राहा म्हणून नाही सांगत. माझ्याकडूनच कळावं म्हणून सांगते.

रतन


बेलापूर,
१६ मार्च १९९७

सहादेव,

आमच्या महिला दूध संस्थेनं संघाच्या निवडणुकीसाठी माझं नाव पाठवलं, आणि मी तुझ्याच गटातून तुझ्यासमोर अर्ज भरला. अर्ज घेणारा कारकून नाव वाचून थबकला. "तुम्ही अण्णांच्या बहीण ना?" मी म्हटलं, "होते."

तुझा जुना वैरी आसाराम दुसऱ्याच दिवशी दारात. "ताई, तुम्ही फक्त व्यासपीठावर बसा. भाषण आम्ही लिहून देऊ." मी म्हटलं, "मला भाषण करायचं नाही. मला गोठ्यागोठ्यात जाऊन बोलायचंय." त्याला ते फारसं रुचलं नाही, पण तुला पाडणारं माणूस तो सोडतोय कशाला.

हर्षलचे वडील एम-एटीवर मला मागं बसवून वस्त्यावस्त्यांवर नेतात. धार काढायच्या वेळेला जाते, तेव्हा बाया सापडतात. मी फक्त झालं तेवढंच सांगते. डॉकवरचं टेबल, झाकणं, कापूस, टँकर, पुण्याच्या डॉक्टरबाई, आणि तू काय बोललास ते. गोजरबाई बरोबर असते. कारभारीनं तिला काढलंय, तेव्हा तिच्यापाशी वेळच वेळ आहे.

एका वस्तीवर एक बाई ऐकता ऐकता धार काढायची थांबली. म्हणाली, "माझा धाकला दीर असाच हाय. वाजंत्री आली की किंचाळतो. घरात लगीन असलं की आमी त्याला गोठ्यात बांधून ठिवतो." एवढं बोलली आणि उठली. बादली तशीच ठेवून आत गेली. थोड्या वेळानं त्या दिराला हाताला धरून बाहेर घेऊन आली, आणि मला म्हणाली, "ह्याला सांगा. त्या पुन्याच्या बाईनं काय सांगितलं ते ह्याला सांगा."

काल कारभारी तुझा निरोप घेऊन आला. हर्षलला गोडाऊनला कामावर घेतो, अक्कांनी अर्ज मागं घ्यावा, अण्णा घरी येऊन माफी मागतील. मी विचारलं, "घरी कशाला? मुस्कटात घरी मारली होती का?" तो घाम पुसत निघून गेला.

आईचाही निरोप आला. "माझ्या लेकाला पाडलंस तर माझ्या मढ्याला येऊ नको." तिला सांग, निरोप पोचला. दुसरं काही सांगू नकोस.

हर्षल मला विचारत होता, "मामा पडले तर डॉकवरचा आवाज कमी होईल का?" मी म्हटलं, होईल. तो म्हणाला, "कसा?" पण त्यासाठी मी थांबणार नाही. आवाजाचं मागाहून बघू, आधी तू खाली ये.

रतन


बेलापूर,
९ मे १९९७

सहादेव,

या पाकिटात चिमूटभर गुलाल घातलाय. उघडताना तुझ्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला असेल तर झटकू नकोस, तो तसाच पसरतो.

मतमोजणीला तू पहिल्या खुर्चीवर बसला होतास. आपल्या माणसांशी हसत होतास, माझ्याकडं पाठ करून. निकाल वाचला तेव्हा तुझ्या शेजारचा माणूस आधी उठला, मग त्याच्या शेजारचा. मी तुझ्या पाठीकडंच बघत होते. लहान असताना तुला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडायचे. तेव्हा तुझी पाठ मला कधी दिसली नव्हती.

तुझ्या ओट्यावर बसणारी ती माणसं संध्याकाळी माझ्या दारात होती. तीच. पेढे घेऊन. "आम्ही आधीपासून म्हणत होतो, अण्णांचं चुकलंच." कोण कोण ते नावानिशी सांगू का? राहू दे, तुला अंदाज आहे. खोटं कशाला बोलू, गोड लागलं. त्या घडीला पेढ्यापेक्षाही तुझ्या बंद दाराची बातमी गोड लागली.

मग आसारामनं माझ्या दारात बँड आणला.

मला सुचलंच नाही. हार गळ्यात होता, बाया फुगड्या घालत होत्या, आणि ताशा सुरू झाला. हर्षल घरात होता. मी वळून बघेपर्यंत त्याच्या वडिलांनी ताशेवाल्याची काडी धरली होती. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस. "बंद करा! माझ्या दारात वाजवायचं न्हाई!" आसाराम म्हणायला लागला, "अहो, विजयाचा दिवस..." हे म्हणाले, "विजय तुमचा असंल. पोरगं माझं हाय."

हर्षल मागच्या दारानं निघून शेवटच्या वाफ्यात जाऊन बसला होता. अनवाणी. पायांची कातडी अजून कोवळी आहे. मी तळवे धुतले. हार मी गोठ्यात टाकला, गाईनं खाल्ला.

हे वाचून तुला बरं वाटेल, म्हणून लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तरी लिहिलं. पण त्यानं तुझा हिशोब हलका झाला असं समजू नकोस.

रतन


बेलापूर,
३० सप्टेंबर १९९७

सहादेव,

वार्षिक सभेतून तू निघून गेलास, त्यानंतर काय झालं हे तुला कुणी सांगितलं नसेल. तुला सांगणारं आता फारसं कुणी राहिलं नाही.

आधी लॅबचं. आसाराम चेअरमन झाला आणि पहिल्याच बैठकीत मी म्हटलं, तपासणी पहिल्यासारखी आत न्या. तो तुझ्यासारखाच हसला. "रतनताई, लोकांना उघड्यावर फॅट बघायची गोडी लागलीय. पुन्हा आत नेली तर तेच लोक माझ्या नावानं ओरडतील." त्या दिवशी कळलं की मी तुला उठवून तुझ्या खुर्चीत दुसरा सहादेव बसवलाय. मला दोन महिने डोकं लावावं लागलं. बाया घेऊन गेले, बैठका उधळल्या, एकदा तर त्याच्या घरी जाऊन सकाळपासून बसून राहिले, त्याची बायको चहा देऊन दमली. शेवटी डॉकच्या कोपऱ्यात काचेची खोली झाली. बाहेरून सगळं दिसतं, आत आवाज जात नाही, ट्यूबऐवजी साधे बल्ब. लोक कुरकुरतात, "आत काय बोलत्यात ते ऐकू येत न्हाई." येऊ नये म्हणूनच केलीय.

हर्षलला म्हटलं, चल, तुझी खोली झाली. नव्या मॅनेजरनं बोलावलंय, हमालांना तंबी दिलीय. तो इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर आला. संघाच्या फाटकाशी टँकर धुणं चाललं होतं. सोड्याचा वास आला. तो उभा राहिला. मी म्हटलं, लांबून जाऊ. तो म्हणाला, "आई, मी इथं परत येणार नाही. खोली दुसऱ्या कुणाला द्या," आणि वळला. मी हाक मारली नाही.

तेवढी खोली त्यानं मागितली तेव्हा तू देऊ शकत होतास. तुझ्या एका शब्दाचं काम होतं.

म्हणून सभेत मी उभी राहिले. विषय, मॅनेजरकीवरून आधीच दूर केलेल्या कारभारीला नोकरीतूनच काढून टाकायचा होता. अपघाताचा सगळा ठपका आसारामनं त्याच्यावर ठेवला होता, म्हणजे संघ मोकळा. कारभारी कोपऱ्यात हात बांधून उभा होता. त्याच्याबद्दल मला दया नाही, कापूस त्यानंच ओढला. पण त्याला काढला की टँकरचा विषय कायमचा मिटला असता, आणि तू मागच्या रांगेत सभासद म्हणून मुकाट बसला होतास.

मी म्हटलं, "ठरावाआधी मला एका सभासदाला विचारायचंय. सहादेव, हर्षल टँकरमध्ये आहे हे कारभारीनं तुला सांगितलं होतं का?"

सगळे वळून तुझ्याकडं बघायला लागले. आसाराम म्हणाला, "ताई, घरचं इथं नको." मी म्हटलं, "त्याला इथंच मारलं होतं."

तू उठलास. मला वाटलं, नाही म्हणशील. तू नाही म्हणालास तर काय करायचं, ते सगळं मी ठरवून आले होते. तू म्हणालास, "हो."

"मग तू काय म्हणालास?"

"बसू दे म्हणालो. पाहुणे जाऊ दे म्हणालो." आणि मग खालच्या आवाजात, "धुणारी माणसं लगेच येतील हे डोक्यात नव्हतं, अक्का. डोक्यात फेटा होता."

तू चपला शोधत होतास तेव्हा कुणी तुला वाट करून दिली नाही. मंडपात शेकड्यानं माणसं होती, खुर्च्यांतून आडवा आडवा निघालास. मागं गोजरबाई उभी होती, आता तिला परत कामावर घेतलंय. ती तेवढी बाजूला सरली.

तू गेल्यावर कारभारीलाही काढलं. हात मीही वर केला.

घरी येऊन हर्षलला सांगितलं, मामा सगळ्यांसमोर खरं बोलले. तो रोपांच्या पिशव्यांत माती भरत होता. त्यानं विचारलं, "मला का नाही सांगितलं? टँकरमध्ये मी होतो."

हा निरोप आहे असं समज. माझा नाही, त्याचा.

रतन


बेलापूर,
११ फेब्रुवारी १९९८

सहादेव,

तुझी लेक राजनंदिनी आपल्या लग्नाची पत्रिका घेऊन आली होती, बरोबर आई. तूच पाठवलंस की आपापल्या मनानं आल्या, ते मी विचारलं नाही.

आई जीपमधून उतरली. माझ्याशी बोलली नाही. थेट मागं हर्षलकडं गेली. त्याची नर्सरी तू पाहिली नाहीस. डाळिंबाची कलमं करतो, शेडमध्ये एकटाच. गिऱ्हाईकं फाटकाशी घंटी न वाजवता उभी राहतात, तो दिसला की हात वर करतात. लोकांना सांगितलं तर लोक करतात, एवढं वर्षभरात मी शिकले. त्या वस्तीवरच्या बाईचा दीर त्याच्याकडं कामाला येतो. दोघं दिवसभर एक शब्द बोलत नाहीत आणि खुशीत असतात.

त्यानं आजीला बसायला पाट दिला. आई पदर डोळ्याला लावून सांगायला लागली, "तुझा मामा पार खचला रं. ओट्यावर कुनी येत न्हाई. फोन वाजत न्हाई. दिसभर त्या खोलीत एकटा बसून ऱ्हातो, भिताडाकडं बघत."

हर्षलनं हातातलं कलम खाली ठेवलं. विचार केला. मग म्हणाला, "कुणी येत नाही? आवाजही नसतो? मग बरं आहे मामांना."

आईला वाटलं, टोमणा मारतोय. त्याला टोमणा मारता येत नाही, सहादेव. तो खरंच खूश झाला होता तुझ्यासाठी. सव्वा वर्ष मी राबराब राबून तुला जी शिक्षा दिली, ती माझ्या पोराला सुख वाटते. मी चुलीशी जाऊन उगाच लाकडं पुढं सारत बसले.

त्यानंतर तू आलास, हेही मला माहीत आहे. गेल्या बाजारच्या दिवशी, मी संघात असताना. हर्षलनं सांगितलं, तो काही लपवत नाही. तू शेडच्या बाहेर उभा राहिलास, आत यायच्या आधी विचारलंस. त्याला म्हणालास, "मला माहीत होतं तू टँकरमध्ये आहेस. मी तुला काढायला हवं होतं." त्यानं विचारलं, "का नाही काढलं?" तू म्हणालास, "लोक हसले म्हणून." तो "बरं" म्हणाला आणि कामाला लागला.

त्याला विचारलं, तू मामाला माफ केलंस का? म्हणाला, "त्यांनी माफी मागितली नाही. जे झालं ते सांगितलं. मला तेच हवं होतं." त्याचं तुझ्याशी मिटलं असावं. तो लग्नाला येणार नाही, मांडवात त्याला जमायचं नाही, पण आदल्या दिवशी सकाळी येऊन राजूला डाळिंबाची दोन रोपं देईल. त्या वेळेला घरात स्पीकर लावू नकोस.

माझं मिटलेलं नाही. त्याचे पाय रोज मी बघते. तेल लावताना हाताला ती कातडी लागते आणि मला तुझ्या मंडपातलं जेवण आठवतं. आई जाताना माझ्या गालाला हात लावून गेली, तेव्हाही माझं मिटलं नाही. तिच्या हातात मी गुडघ्यांच्या तेलाची बाटली दिली, एवढंच.

लग्नाला मी येईन. राजूची आत्या म्हणून येईन, पहिल्या रांगेत उभी राहीन, तिच्या डोक्यावर अक्षता टाकीन. ती गुणाची पोर आहे आणि तुझं तिला काही लागू नये. तू धाकटा भाऊ, रीतीप्रमाणे माझ्या पाया पडायला वाकशील. मी पाय मागं घेईन. सगळ्यांसमोर घेईन.

आधीच कळवून ठेवते. हर्षलला पुढं काय होणार ते आम्ही आधी सांगून ठेवतो, म्हणजे त्याला ऐन वेळी त्रास होत नाही. तुलाही सांगितलं.

रतन